मेंटॉरला पैसे कशाचे मिळतात, ते आधी विचार

प्रॉप ट्रेडिंग फर्ममध्ये, म्हणजे स्वतःचं भांडवल देऊन ट्रेडरकडून बाजारात सौदे करून घेणाऱ्या आणि नफा वाटून घेणाऱ्या कंपनीत, रुजू होण्याआधी तू कॅपिटल, लिव्हरेज (भांडवलाच्या किती पट सौदे करता येतात ते), सॉफ्टवेअर सगळं विचारलंस. तुला शिकवणाऱ्याला पैसे कशाचे मिळतात, हे मात्र राहिलंच.

तुझ्या उलाढालीवर, म्हणजे ब्रोकरेजमधून त्याला वाटा असेल तर सावध राहा. तू दिवसभर सौदे करून पैसे घालवलेस, तरी त्याचं मीटर चालूच. असा माणूस 'आज बाजारात काही नाही, गप्प बस' असं कशाला सांगेल? निव्वळ पगारी मेंटॉर त्यापेक्षा बरा, पण तू टिकलास काय नि गेलास काय, त्याला फारसा फरक पडत नाही.

माझ्या मते थोडा ठरलेला पगार आणि वर तुझ्या निव्वळ नफ्यात वाटा, तोही फर्मच्या हिश्श्यातून, हे रास्त. यात हाय-वॉटर मार्कचं कलम आहे का बघ, म्हणजे आधीचा तोटा भरून एकूण नफा जुन्या उच्चांकाच्या वर गेल्याशिवाय नवा वाटा नाही. समजा तू 1,00,000 कमावलेस, मग 60,000 घालवलेस, पुन्हा 50,000 मिळवलेस. कलम नसेल तर त्याला 1,50,000 वर वाटा जाऊ शकतो. असेल तर 1,00,000 वरच, कारण आधीचा खड्डा अजून भरलेला नाही.

तोटा झाला की मेंटॉरच्या खिशातून कापावा, असंही काही जण म्हणतात. मला पटत नाही. मग तो तुला एकही सौदा धड घेऊ देणार नाही. वाट्यातली काही रक्कम वर्षभर राखून ठेवली तरी पुरे.

आणि हो, हा वाटा किती महिने चालणार ते लेखी घे. तू स्वतःच्या पायावर उभा राहिल्यावरही तो चालूच असेल, तर खुशाल भांड.