उच्च व्होल्टेजच्या सेलसाठी ॲडिटिव्ह निवडताना

लिथियम-आयन सेल ४.५ व्होल्टच्या वर नेण्याआधी एवढे ध्यानात घ्या की इलेक्ट्रोलाइटमधली नेहमीची कार्बोनेट द्रावके साधारण ४.३ व्होल्टच्या पुढे धनाग्रावर (धन इलेक्ट्रोडवर) ऑक्सिडाइझ होऊ लागतात, आणि इलेक्ट्रोलाइटमध्ये थोडेसे मिसळलेले चांगले ॲडिटिव्ह त्यांच्या आधी स्वतः विघटित होऊन तिथे काही नॅनोमीटर जाडीचा, लिथियम आयनांना वाट देणारा पण इलेक्ट्रॉनांना अडवणारा थर बसवते. लिथियम डायफ्लुओरोऑक्झॅलॅटोबोरेट हे काम करते. व्हिनिलीन कार्बोनेट हे ॲडिटिव्ह ग्रॅफाइटवर, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडवर, उत्तम असले, तरी एवढ्या व्होल्टेजला माझा त्यावर भरवसा नाही, कारण धनाग्रावर तेच ऑक्सिडाइझ होत राहते.

नवशिक्यांचा घात बहुधा पाणी करते. इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट या क्षाराशी अंशमात्र ओलावा आला तरी हायड्रोजन फ्लोराइड तयार होते, ते धनाग्रातील मँगनीज विरघळवते, आणि ते मँगनीज पलीकडे ग्रॅफाइटवर जाऊन तिथला संरक्षक थर बिघडवते. ट्रिस ट्रायमिथाइलसिलिल फॉस्फाइट हे ॲडिटिव्ह त्या हायड्रोजन फ्लोराइड आम्लाला पकडते, पण म्हणून इलेक्ट्रोड वाळवण्यात हयगय करू नका.

वजनाने १ टक्क्यापासून सुरुवात करा. मात्रा वाढवली की थर जाड होऊन रोध वाढतो. पहिल्या चार्जचा डीक्यू-डीव्ही आलेख (व्होल्टेजच्या प्रत्येक लहान बदलामागे किती चार्ज गेला ते दाखवणारा) ॲडिटिव्हविना केलेल्या सेलच्या आलेखावर ठेवून पाहा: द्रावकाच्या शिखराआधी एखादा लहानसा उंचवटा नव्याने दिसला, तर ॲडिटिव्ह आधी विघटित होत असल्याची ती खूण असू शकते.