"मॅडम, पुढचं पुस्तक कुठलं घेऊ?"

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की केबिनच्या दारावरच उत्तर लिहून लावावं असं वाटायला लागलंय. कधी बँकेतली बाई असते, कधी मिरजेत मेडिकलला शिकणारं पोरगं, कधी एसटीतून नुकतेच रिटायर झालेले काका, पण वाक्य साधारण एकच. ध्यानावरची पुस्तकं वाचली, यूट्यूबवर बघितलं, अ‍ॅप पण घेतलं, तरी मन काय शांत होत नाही, एखादं चांगलं पुस्तक सुचवा ना. मी सांगलीत विश्रामबागला बसते, अठरा वर्षं झाली. पूर्वी लोक माझ्याकडं झोपेची गोळी मागायचे (जी मी देऊच शकत नाही, मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, हेही दारावर लिहायला पाहिजे), आता पुस्तक मागतात. प्रगतीच म्हणायची!

तर या सगळ्यांना मिळून एका सरांची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सर गणिताचे, तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलवर, वय पन्नाशीच्या जरा पुढं. घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. एका वर्षी माल रॅकवर वाळत असताना अवकाळी आला आणि हिरवा निघायचा तो बेदाणा काळा पडला. पैसे गेले ते गेलेच, पण तेव्हापासून रात्री तीनला जाग यायला लागली आणि मग पत्र्यावर पाऊस वाजतोय का ते ऐकत पडून राहायचं, रॅक रिकामी असली तरी. बीपीची गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, जरा मेडिटेशन करत जा. आता गणिताच्या माणसाला असं मोघम सांगून कसं चालेल? त्यांनी थेट अभ्यासालाच सुरुवात केली.

पहिल्या दिवशी आले ते कापडी पिशवी घेऊन. पिशवीत अकरा पुस्तकं, प्रत्येकात कागदाच्या खुणा, आणि एक दोनशे पानी वही. वहीत प्रत्येक पुस्तकाचा सारांश, मुद्दे लाल पेनानं अधोरेखित. खरं सांगते, एवढ्या नीट नोट्स आमच्या कोर्सला असताना मीही काढल्या नव्हत्या. आणि वहीच्या मागच्या बाजूला पट्टीनं आखलेला तक्ता होता, तारीख, वेळ, मिनिटं, शेरा, गुण.

"हे गुण कसले सर?"

"त्या दिवशीचं ध्यान कसं झालं त्याचे. दहापैकी."

मी पानं उलटली. दोन, तीन, दोन, एक, चार (शेरा: बहुतेक डुलकी लागली असावी), एक, शून्य.

"हे शून्य का?"

"वीस मिनिटं बसलो आणि वीसच्या वीस मिनिटं बेदाण्याचा दर."

"मग दहापैकी दहा कधी द्यायचे?"

"मन कोरं झालं की." आणि लगेच, "मॅडम, आता पुढचं कुठलं घेऊ सांगा की."

इथं मी चुकले. मीही त्यांना पुस्तकच दिलं. थिक न्हात हान्ह या व्हिएतनामी भिक्षूंचं, १९७५ सालातलं, छोटंसं. युद्धाच्या दिवसांत खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या आपल्या एका सहकाऱ्याला त्यांनी लिहिलेल्या लांबलचक पत्रातून ते झालंय, आणि त्यात भांडी घासण्याबद्दल फार गोड लिहिलंय, की भांडी घासताना भांडीच घासायची, नंतरच्या चहाकडं डोळे लावून उरकायची नाहीत. मला वाटलं एवढं साधं वाचून सरांची गाडी रुळावर येईल. पुढच्या आठवड्यात सर आले ते चार पानं सारांश घेऊन, त्यातला एक मथळा होता 'भांडी घासण्याचे फायदे', आणि खाली एक ते सात मुद्दे.

"सर, भांडी घासलीत का?"

"नाही, घरी बाई येती की भांड्याला. पण पॉइंट लक्षात आला."

मला हसू आवरेना. सरही हसले, पण जरा ओशाळून. मला कळलं ते तेव्हा. माणूस वाचतोय म्हणजे काहीतरी करतोय असं त्याला स्वतःला वाटत असतं, आपल्यालाही वाटतं, आणि वाचण्यात एक सोय असते की तिथं नापास होता येत नाही. बसलं की नापास, वाचलं की पास, मग माणूस वाचणारच ना!

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या पठडीतली, 'असं झालंच पाहिजे' हा हट्टच माणसाला त्रास देतो असं मानणारी. त्यामुळं बोलणाऱ्याच्या वाक्यातला 'च' पकडायची सवय आहे, घरीही, नवरा वैतागतो. सरांना म्हटलं, "मन शांत झालंच पाहिजे, यातला 'च' काढून म्हणून बघा." सरांनी म्हणून बघितलं, दोन सेकंद विचार केला आणि म्हणाले, "मॅडम, 'च' काढला तरी 'पाहिजे' राहतंच की." बरोबर पकडलं. "मग 'झालं तर बरं' म्हणा." तर म्हणाले, "हे म्हणजे पोराला सांगायचं, पास झालास तर बरं. कोण अभ्यास करंल?" माझं आवडतं हत्यार असं बोथट झालेलं मला फार वेळा बघावं लागत नाही, त्या दिवशी बघितलं.

चौथ्या भेटीला मी टेबलावर वाटीत बेदाणे ठेवले. ही माझी आयडिया नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या हॉस्पिटलात जुनाट दुखण्यांच्या पेशंटसाठी एक कोर्स सुरू केला, आज ज्याला सगळे माइंडफुलनेस म्हणतात ते बरंचसं तिथून पसरलं, आणि त्या कोर्सच्या सुरुवातीलाच प्रत्येकाच्या हातावर बेदाणा ठेवतात. बघा, हुंगा, जिभेवर ठेवा, मग सावकाश चावा, बस एवढंच. (ज्या सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तिथं बसून आपण अ‍ॅप शोधतोय, असो.) मी हे बऱ्याच जणांबरोबर केलंय. पण बेदाणा पिकवणाऱ्या माणसाच्या हातात बेदाणा द्यायची पहिलीच वेळ.

सरांनी एक उचलला आणि बोटांत दाबला. "गंधकाची धुरी जरा जास्त झालीय. ओल पण आहे. कितीला आणला?" मी दर सांगितला. "फसवलं तुम्हाला."

"बरं, गुण देऊन झाले. आता जरा बेदाणा बघा."

थांबले. हात खिडकीकडं नेला, उजेडात धरला. मी काही बोलले नाही. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती, तो आवाज अजून आठवतो. सर तो दाणा फिरवत राहिले, देठाचं ते टाचणीच्या टोकाएवढं उरलेलं टोक नखानं चाचपलं, नाकाशी नेला, मग तोंडात ठेवला आणि चावलाच नाही बराच वेळ. तीन-चार मिनिटं गेली असतील. मग चावला. मग म्हणाले,

"तीस वर्षं बेदाणा करतोय मॅडम. पण एकटा एक दाणा कधी खाल्ला नव्हता. मूठच मारतो आपण."

मी गप्प. अशा वेळी गप्प बसायला मला बरीच वर्षं लागली शिकायला, आता जमतं.

"मधे दोनदा दर आठवला," ते म्हणाले, अपराध कबूल केल्यासारखं.

"मग काय केलंत?"

"काय करणार? परत बेदाण्याकडं आलो."

"परत ये म्हणून कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आलो आपला."

"सर, अकरा पुस्तकांत जे शोधत होतात ना, ते हे 'आलो आपला'."

लगेच पटलं असं नाही. कपाळावर आठी होती. मग मी त्यांना त्यांच्याच भाषेत एक आकडा सांगितला. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१० मध्ये २,२५० माणसांना फोनवरून दिवसभरात मधूनमधून विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठं आहे. तर ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. सरांनी क्षणात वजाबाकी केली, "म्हणजे हजेरी त्रेपन्न टक्के. आमच्यात पंचाहत्तर नसली तर परीक्षेला बसू देत नाहीत."

हजेरी! हा शब्द माझा नाही, सरांचा, पण पकडला मी, आणि तेवढं श्रेय घेते.

"मग सर, ही परीक्षाच नको. नुसती हजेरी घ्या. वहीतला गुणांचा कॉलम काढून टाका, बसलो तर ह, नाही बसलो तर गै. बाकी शेरा नाही." आणि मग विचारलं, "वर्गात एखादं पोरगं खिडकीबाहेर बघत बसलं तर काय करता?"

"पूर्वी खडू मारायचो."

"आणि आता?"

"आता नावानं हाक मारतो. वळतं परत. दहा मिनिटांनी पुन्हा तिकडंच बघतं, पुन्हा हाक मारायची, त्यात काय."

"आणि स्वतःच्या मनाला?"

बराच वेळ वहीकडं बघत राहिले. "खडूच मारतोय की हो अजून," असं हळू आवाजात म्हणाले आणि शर्टच्या खिशातलं लाल पेन काढून टेबलावर ठेवलं. मी ते परत द्यायला विसरले, मुद्दाम नाही, पण ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

पुढच्या वेळी सर ज्ञानेश्वरीच घेऊन आले, वडिलांची, कापडात बांधलेली. सहावा अध्याय. अर्जुन तिथं हीच तक्रार करतो, माकड कधी समाधी लावेल का, वादळाला थांब म्हटलं तर थांबेल का, मग हे मन कसं थांबायचं. "लहानपणापासून ऐकतोय हे, आपलंच चाललंय असं कधी वाटलं नव्हतं," सर म्हणाले. मला त्यात वेगळंच दिसलं. कृष्णाच्या उत्तरातला पहिला शब्द आहे 'साचचि'. खरंच आहे तू म्हणतोस ते, मन चपळच आहे. आधी मान्य केलंय, रागावला नाही, उपदेश सगळा त्याच्यानंतर. आमच्या धंद्यात हे शिकवायला आख्खं सेमिस्टर जातं (आणि हा 'च' मला चालतो). पुढं तिथंच म्हटलंय की या मनाचं एक बरं आहे, जिथं गोडी लागते तिथं ते सोकावतं. सर म्हणाले, "बेदाण्यासारखं." मी त्यात भर घातली नाही.

आता तुमचा प्रश्न, पुस्तक कुठलं. खरं तर एक पुरे, आणि बहुतेक ते तुमच्या घरात आधीच आहे. दोन पानं वाचायची आणि मिटून ठेवायचं, मग जेवढा वेळ वाचलं निदान तेवढा वेळ बसायचं, श्वास येतोय जातोय एवढं बघत, आणि मन गेलं की नावानं हाक मारायची. पुस्तक संपवायचं नाहीच असं ठरवूनच घ्या. कबाट-झिन यांचं १९९० सालचं पुस्तक चांगलंय पण जाडजूड आहे, ते कादंबरीसारखं वाचायला घेतलं तर सरांची वही होणार तुमची. अ‍ॅप वाईट नाहीत, घंटा वाजवायला, वेळ लावायला बरी पडतात. पण सलग किती दिवस झाले त्याचा आकडा दाखवतात ना, तो बंद करता येत असेल तर करा, ते मार्कच आहेत दुसऱ्या नावानं. आणि रोज नवा व्हिडिओ नको, एकच आवाज धरा महिनाभर, कंटाळा आला तरी. कंटाळा आलाय हे कळलं हीसुद्धा हजेरीच.

इगतपुरीला जाऊ का, हे दहातले चार जण तरी विचारतात. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं, राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत, आधी करून गेलेल्यांच्या दानावर चालतं. पहिले तीन दिवस फक्त श्वास. आणि तिथं वाचायला-लिहायला चक्क मनाई आहे, हे सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. ही शिबिरं सुरू करणारे गोएंका गुरुजी स्वतः ब्रह्मदेशात विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी उ बा खिन यांच्याकडं १९५५ मध्ये गेले ते मायग्रेनसाठी, तर नुसती डोकेदुखी घालवायला आला असाल तर नको, असं त्यांना आधी सांगितलं गेलं होतं. मला ही गोष्ट फार आवडते. पण एकदम दहा दिवस मौनात बसणं सगळ्यांसाठी नाही. पूर्वी मोठा मानसिक आजार होऊन गेलाय, भास व्हायचे, किंवा अंगावर काटा येईल असा एखादा प्रसंग आत दाबून ठेवलाय, अशांनी आधी आपल्या मनोविकारतज्ज्ञांना विचारा. चालू गोळ्या मनानं बंद करू नका. आणि डोळे मिटून बसलं की घाबरं होत असेल तर डोळे उघडे ठेवून बसा, चालत करा, भांडी घासा (खरोखरची). घाबरं व्हायचं थांबलंच नाही तर सोडून द्या आणि कुणाशी तरी बोला, ध्यान जमलं नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही.

सर मध्यंतरी हंगाम संपल्यावर येऊन गेले. बीपीची गोळी सुरू आहे. तीनला जाग अजून येते, पण आता पत्र्याचा आवाज ऐकून 'रॅक रिकामी आहे' असं स्वतःला सांगून कूस बदलतात म्हणे, कधी झोप लागते कधी नाही. वही दाखवली. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओळीनं गै, गै, गै, शेडवरच मुक्काम होता, मग एक ह, मग पुन्हा दोन गै. कुठंही लाल शाई नव्हती. माझ्यासाठी अर्धा किलो बेदाणा आणला होता, कमी धुरीचा.

दारापर्यंत गेले आणि वळले. "मॅडम, ते बेदाणावाल्या डॉक्टरांचं आणखी एखादं पुस्तक असंल ना?"

मी नुसतं बघितलं त्यांच्याकडं.

"नाही, विचारलं आपलं," म्हणाले आणि चप्पल घालायला लागले.