चार प्रकारची संगत, पण हंगाम एकच : पेटीवादकाने नोकरी सोडावी का?

प्रश्न : वय ३६, राहणार कुडाळजवळ. वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात हिशेबनीस आहे, ९ वर्षं ३ महिने झाले. मूळ पगार १६,०००, हातात २४,००० येतात. हार्मोनियममध्ये संगीत विशारद आहे. दशावतार, कीर्तन, अभंगांचे कार्यक्रम, संगीत नाटक, शास्त्रीय बैठक, सगळीकडे साथ करतो आणि घरी १७ मुलांना शिकवतो. गेल्या वर्षी पेटीवर ३ लाख १० हजार मिळाले. आता नोकरी सोडून पूर्णवेळ यातच उतरावं म्हणतो. साडेचार लाखांचं कर्ज काढून साउंड सिस्टीम (२ लाख ६० हजार), स्केल चेंजर पेटी (१ लाख १० हजार) आणि एक जुना ऑर्गन (८० हजार) घ्यायचा विचार आहे. साडेतीन लाखांची एफडी आहे, पीएफमध्ये सव्वातीन लाख. घरखर्च महिना २६,०००. पत्नी थोडंफार शिवणकाम करते, मुलगी चौथीत आहे. पत्नी एकच विचारते, "मिरग लागल्यार घरात काय येतला?" मला वाटतं, इतक्या तऱ्हेचं काम हातात असताना एवढं घाबरायचं कारण नाही. शिवाय अटल पेन्शन घ्यावी का?

उत्तर :

तुमच्या पत्रातलं सगळ्यात नेमकं वाक्य तुमच्या पत्नीचं आहे. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

तुम्ही सोबत पाठवलेली वही महिन्यांप्रमाणे मांडून पाहिली. दशावताराच्या नाइटचे ७५ हजार, कीर्तन-अभंगांचे ८० हजार, बैठकी आणि संगीत नाटकांचे ७० हजार, शिकवणीचे ८५ हजार. कागदावर ही चार वेगळी उत्पन्नं दिसतात. पण शिकवणी सोडली तर बाकी सगळ्यांचा हंगाम एकच. दशावतार त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रांबरोबर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर थांबतो. नाट्यस्पर्धा, बैठकी, संगीत महोत्सव हेही थंडीतलेच. पूजा आणि गावचे कार्यक्रम चाकरमानी येतात तेव्हा, म्हणजे गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. गणपती संपले की पितृपक्षात पुन्हा शुकशुकाट. एकाच कुणग्यात (भाताच्या खाचरात) चार जातींचं बियाणं टाकलं तरी पाऊस चुकला की चारही जातात, तशातला हा प्रकार. गेल्या जून-जुलैत मंचावरून तुम्हाला दोन्ही महिने मिळून ४,००० रुपये आले आहेत. शिकवणीचे १७,००० धरले तर महिन्याला साडेदहा हजार. २०२० मध्ये तर मंचावरची सगळी कामं एकदमच थांबली होती, ते तुम्हीही पाहिलं आहे.

तुमचं अष्टपैलूपण मी कमी लेखत नाही. आपल्याकडे पेटीवाल्याची परंपराच ती आहे. गुहागर तालुक्यातल्या अडूरचे गोविंदराव पटवर्धन संगीत नाटकाला ऑर्गनची साथ करत आणि ख्यालाच्या बैठकीत पेटीही तितकीच मुरलेली वाजवत. ज्याला एकच बाज येतो त्याला लहान गावात वर्षभर पुरेल इतकं कामच नसतं. तेव्हा अनेक बाज येणं ही इथे टिकून राहण्याची अट आहे. त्यामुळे हंगामात तुमची तारीख रिकामी जात नाही. पण आषाढात त्याचा उपयोग नाही. उत्पन्नाला आधार किती, हे कामाच्या प्रकारांवरून नाही, महिन्यांवरून मोजा.

आता ३ लाख १० हजारांचं बघू. यातून पेट्रोल, पेटीची दुरुस्ती आणि ट्यूनिंग, बाहेरचं जेवण हा खर्च तुम्ही वजा केलेलाच नाही. वहीत मागच्या पानांवर तो आहे : साधारण ४५ हजार. म्हणजे राहतात २ लाख ६५ हजार, महिन्याला २२ हजार. नोकरीचे हातात येणारे २ लाख ८८ हजार, वर मालकाचा पीएफचा हिस्सा. दोन्ही मिळून तुमचं घर आज नीट चाललं आहे. नोकरी गेली तर पेटीने ती पोकळी भरून काढली पाहिजे. ती भरेल का, हाच खरा प्रश्न.

तुम्ही लिहिता की नोकरीमुळे कित्येक आमंत्रणं नाकारावी लागतात. नाकारलेल्या तारखाही तुम्ही लिहून ठेवल्या आहेत, हे फार चांगलं केलंत. त्या नीट पाहा. बहुतेक तारखांना तुम्ही दुसरीकडे वाजवतच होता. जत्रेच्या रात्री दोन ठिकाणी पेटी वाजत नाही, मग दिवसा कारखान्यात असा की घरी. नोकरीमुळे खरोखर हुकलेल्या तारखा म्हणजे रत्नागिरी, पणजी, पुण्याच्या बैठकी. त्या मोजक्याच आहेत आणि प्रवासखर्च जाता बिदागी फार उरत नाही. नोकरी तुमच्याकडून दोन गोष्टी घेते : सकाळचा रियाज आणि दुपारी चारनंतरची शिकवणीची वेळ. पहिलीची किंमत मी लावू शकत नाही. दुसरीची लावतो.

तुमचे १७ चे ३५ विद्यार्थी झाले असं धरू : महिना ६०० रुपये, मे सोडून ११ महिने, म्हणजे २ लाख ३१ हजार. मंचाचे खर्च वजा जाता १ लाख ८० हजार. एकूण ४ लाख ११ हजार, आणि घरखर्च ३ लाख १२ हजार. हे जमण्यासारखं आहे. मुख्य म्हणजे यातले २१ हजार जूनमध्येही येतात. गांधर्व मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुलं मध्येच सोडून जात नाहीत, म्हणून तुमचा पाया त्यांच्यावर हवा. मुंबईला गेलेल्या आपल्या लोकांच्या मुलांना ऑनलाइन शिकवता येईल. फक्त पावसात वीज आणि नेटवर्क जातं, तेव्हा एक बरा इन्व्हर्टर साउंड सिस्टीमच्या आधी घ्या. आकाशवाणीच्या श्रेणीसाठी ध्वनिचाचणीही द्या. त्यातून पैसा थोडाच येतो, पण बैठकीला बोलावणारे श्रेणी विचारतात. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती हे तुम्हाला माहीत असेलच. आज दार उघडं असताना बाहेर का राहायचं?

पण ही ३५ मुलं अजून आलेली नाहीत, म्हणून आत्ता राजीनामा देऊ नका. याला एक कोरडं कारणही आहे. पेन्शन योजनेत (पीएफमधूनच कापली जाणारी ईपीएस) १० वर्षं सेवा झाली की ५८ व्या वर्षी मासिक पेन्शनचा हक्क मिळतो. आजच्या सूत्राप्रमाणे १५,००० (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या पगाराची मर्यादा) गुणिले १० भागिले ७०, म्हणजे जास्तीत जास्त २,१४३ रुपये. रक्कम मोठी नाही, पण ती आयुष्यभराची आहे आणि तुमची १० वर्षं पूर्ण व्हायला ९ महिनेच राहिलेत. १० वर्षांची ग्रॅच्युइटी १६,००० च्या मूळ पगारावर सुमारे ९२ हजार होईल. सोडताना पीएफ मात्र काढू नका.

या ९ महिन्यांत शिकवणी ३० च्या पुढे न्या. आणि मध्ये येणाऱ्या जून-जुलैत पगार दुसऱ्या खात्यात टाकून घर फक्त पेटीवर चालवून बघा. पत्नीला उत्तर द्यायची ती एकच पद्धत आहे. मग मालकांशी अर्धवेळाचं बोला. जत्रेच्या रात्रीनंतर टेबलावर डुलक्या येतात असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा सध्याची ओढाताण कायम चालणार नाही हे मलाही दिसतं. पण तुमच्याकडे आणखी एक कसब आहे ज्याचा पत्रात उल्लेखही नाही : हिशेब. वेंगुर्ला-कुडाळ पट्ट्यात दोन-तीन दुकानदारांची वह्या-जीएसटीची कामं घरून करणं तुम्हाला जड नाही, आणि विवरणपत्रांची धावपळ पावसाळ्यातच असते. मंच कोरडा पडतो तेव्हाच ही विहीर भरलेली. कलावंताला हे कमीपणाचं वाटतं, ठाऊक आहे. मला अजिबात वाटत नाही.

कर्ज काढू नका. साडेचार लाख, १३ टक्के, ५ वर्षं धरली तर हप्ता १०,२४० रुपये येतो. वर पाहिलेलं पावसाळ्यातलं महिन्याचं उत्पन्न साडेदहा हजार. साउंड सिस्टीम भाड्याने देणं हा वेगळाच धंदा आहे. त्याला टेम्पो, दोन मुलं, जागा लागते, खारी हवा यंत्रं खाते, आणि तुमची तारीख असेल त्याच रात्री तीही मागितली जाणार. ऑर्गन घेऊ नका, दुरुस्त करणारा माणूस आधी शोधा, मग बोलू. पेटी मात्र जरूर घ्या. तिच्यावर तुम्ही कमावता. पैसे एफडीतून काढा, तरी २ लाख ४० हजार उरतील, घरखर्चाच्या नऊ महिन्यांइतके. त्यांना हात लावायचा नाही.

नोकरीत असतानाच करायची दोन कामं. मुदत विमा आत्ता घ्या, पगाराची पावती आहे तोवर. नंतर उत्पन्नाचा पुरावा मागतील आणि तुमच्याकडे वही आहे. त्याच कारणासाठी पेटीचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवायला लागा. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य होतो, त्यामुळे लपवून काही वाचतही नाही. दुसरं, कुटुंबाचा आरोग्य विमा आणि अपघात विमा. रात्री दोनला जत्रेहून मोटारसायकलने परतणाऱ्या माणसाला तो लागतोच. वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना बँकेत सुरू नसेल तर उद्याच करा. तिच्यात हात गमावला तर १ लाख मिळतात. अपघातात काही आठवडे घरी बसावं लागलं तर भरपाई देणारं कलम असलेली वेगळी पॉलिसीही बघा, कारण पेटीवाल्याचं मनगट दुखावलं की कामच बंद.

अटल पेन्शन : घ्या. वयाच्या ४० पर्यंतच दार उघडं असतं आणि आयकर भरणाऱ्यांना ते बंद आहे, तुमचा कर शून्य आहे. ३६ व्या वर्षी ५,००० च्या पेन्शनसाठी महिना ९९० रुपये. हप्ता महिन्याचा न ठेवता सहामाही ठेवा आणि एक हप्ता गणपतीनंतर, दुसरा शिमग्यानंतर कापला जाईल अशा तारखा लावता येतात का, ते बँकेत विचारून बघा.