जत्रा, उत्सव, परिसरातले कार्यक्रम सहकुटुंब एन्जॉय करायचे तरी कसे? आम्ही दर वेळी दमून आणि भांडून घरी येतो

तुम्ही लिहिलंय की घरात सहा वर्षांचा मुलगा, तेरा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. सगळ्यांना घेऊन हौसेने बाहेर पडता, पण दीड तासात धाकटा रडायला लागतो, थोरली फोनमधून डोकं वर काढत नाही, सासूबाई गप्प होतात आणि येताना तुमचं नवऱ्याशी वाजतं. पुढच्या महिन्यात तुमच्याकडे मोठा मेळा आहे आणि जावं की नाही हा प्रश्न पडलाय. आमचंही घर याच वाटेने गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे डोळे उघडले ते वडिलांमुळे. काही वर्षांपूर्वी आम्ही सगळे मैदानावरच्या एका मोठ्या कार्यक्रमाला गेलो होतो. वडील तिसऱ्या रांगेत बसले होते. चेहरा हसरा, लोकांनी टाळ्या वाजवल्या की तेही वाजवत होते. मला वाटलं, चला, बाबा खूश आहेत. घरी आल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून कानाचं मशीन काढलं आणि डबीत ठेवलं. मी विचारलं, "बाबा, हे कानातून कधी काढलंत?" म्हणाले, "गेल्या गेल्याच. स्पीकर सुरू झाला की आत नुसता खरखराट होतो." म्हणजे तीन तास त्यांनी काहीच नीट ऐकलं नव्हतं. आमचा विरस होऊ नये म्हणून बसून राहिले होते.

त्या रात्री मी मुलीलाही विचारलं, तुला काय आवडलं? ती तेव्हा पाच वर्षांची होती. तिला स्टेजवरचं काही आठवत नव्हतं. आठवत होता तो स्टेजमागचा जनरेटर, आणि त्यात नरसाळ्याने डिझेल ओतणारा माणूस. "तो थांबला असता तर सगळे दिवे गेले असते ना?" असं तिने मला तीनदा विचारलं.

मी त्या प्रश्नावर बरेच दिवस विचार करत होते. पोरीला अख्ख्या कार्यक्रमातली एकच गोष्ट भिडली होती, आणि ती म्हणजे कुणीतरी काहीतरी करतंय म्हणून हे सगळं चाललंय. आम्ही मात्र तिला रांगेत बसवून "समोर बघ, समोर बघ" म्हणत होतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर हे, की नुसतं बघायला जाऊ नका. घरातल्या एकाचा तरी हात त्या कार्यक्रमाला लागलेला असू द्या. काम कितीही छोटं असलं तरी चालेल.

हे फक्त माझं मत नाही. स्पेनमध्ये सान पेद्रो मान्रिके नावाचं छोटं गाव आहे. तिथे दर वर्षी 23 जूनच्या रात्री गावातली माणसं पाठीवर कुणाला तरी घेऊन अनवाणी निखाऱ्यांवरून चालतात. संशोधकांनी तिथे 38 जणांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे लावले. काही जण चालणारे, काही त्यांचे नातेवाईक आणि स्नेही, बाकीचे बाहेरून आलेले पाहुणे. 2011 मध्ये निष्कर्ष छापून आले. चालणाऱ्याचे ठोके जसे चढले-उतरले, तसेच कठड्याबाहेर बसलेल्या त्याच्या माणसांचेही चढले-उतरले. पाहुण्यांच्या बाबतीत तसं काही झालं नाही. प्रसंग तोच आणि गर्दीही तीच होती. फरक एवढाच, की पाहुण्यांचं त्यात आपलं असं कुणी नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला वडील आठवले. आम्ही त्यांना तिसऱ्या रांगेत पाहुण्यासारखं बसवून ठेवलं होतं.

पुढच्या वेळी आम्ही आदल्या संध्याकाळीच मैदानावर गेलो. कुणाला फारसं विचारलंही नाही, सहज चक्कर मारली. आणि खरं सांगते, आदली संध्याकाळ मला मुख्य दिवसापेक्षा आवडते. गर्दी नसते, हवा असते, मुलांना पळायला जागा असते. शिडीवर चढलेला एक जण दिव्यांच्या माळा बांधत होता आणि खालचा त्याला "अजून डावीकडे, अजून" म्हणत होता. एक मुलगा ओल्या फडक्याने खुर्च्या पुसत एकेक रांग पुढे सरकत होता. साउंडवाला "हॅलो, हॅलो, चेक" करत प्रत्येक वायरला रंगीत चिकटपट्टी लावत होता. माझी मुलगी त्याच्याशेजारी उकिडवी बसली. पाच मिनिटांत तिच्या हातात चिकटपट्टीचं रीळ होतं आणि तो मागेल तसे ती निळे-पिवळे तुकडे फाडून देत होती. दुसऱ्या दिवशी आवाज सुरू झाल्यावर तिने माझा हात दाबला, "पिवळी वायर ना ही?"

वडिलांचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. संयोजकांकडे स्पर्धेच्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा पडला होता आणि नावं लिहायला माणूस नव्हता. वडिलांनी टेबलाशी बसून ती सगळी लिहिली. बक्षीस समारंभ खरं तर कुठल्याही कार्यक्रमाचा सगळ्यात कंटाळवाणा भाग असतो. पण वडील त्या वेळी खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. प्रत्येक नाव पुकारलं की ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे. एका मुलाचं नाव लांबलचक होतं, ते कागदावर कसं बसवलं हे त्यांनी आम्हाला दोन दिवस सांगितलं.

तुमच्या सासूबाईंना काय जमतं हे तुम्हालाच ठाऊक. पण विचारताना "तुम्हाला त्रास नको" असं म्हणू नका. "तुमची मदत लागेल" म्हणा. म्हातारी माणसं बसवून ठेवली की म्हातारी होतात. आणि त्या गप्प होतात असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांना नीट ऐकू येतं का हेही एकदा विचारून बघा. साध्या श्रवणयंत्राला गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढणं अवघड जातं. त्यांची खुर्ची स्पीकरच्या सरळ रेषेत नको. बाजूला, थोडी मागे, आणि स्टेजवर बोलणाऱ्याचं तोंड दिसेल अशी असावी, कारण ऐकू कमी येणारा माणूस ओठांवरून बरंच समजून घेतो. जवळचं स्वच्छतागृह कुठे आहे ते तुम्ही आधी बघून ठेवा. पुष्कळ वयस्क बायका या एका काळजीपायी दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग चक्कर येते. हे कुणी बोलून दाखवत नाही.

तेरा वर्षांच्या मुलीबद्दल तुम्ही रागाने लिहिलंय, तिथे मी तिची बाजू घेईन. त्या वयात आईवडिलांच्या मागे मागे फिरणं जड जातं. तिला जबाबदारीचं काम मिळू द्या, तेही तुमच्या नजरेबाहेर. चौकशीच्या टेबलावर बसणं, छोट्यांच्या चित्रकलेचे कागद वाटणं, पाण्याच्या टाकीपाशी उभं राहणं. संयोजकांना हात हवेच असतात. नाहीतर मैत्रिणीबरोबर तासभर मोकळं फिरू द्या आणि भेटायची जागा-वेळ ठरवा. जागा हलणारी नको. "त्या फुगेवाल्यापाशी" असं ठरवलं तर तासाभराने फुगेवाला भलतीकडे असतो. मोठ्या गर्दीत फोन लागत नाहीत, साधा मेसेज मात्र बहुधा पोचतो, हेही तिला सांगून ठेवा.

आता धाकट्याबद्दल. दीड तासात रडतो म्हणजे तो हट्टी आहे असं नाही, त्याला आवाज सोसत नसेल. 85 डेसिबलचा आवाज साधारण आठ तास सुरक्षित मानतात, आणि पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 ला पोचेपर्यंत जेमतेम पंधरा मिनिटं. मोठ्या स्पीकरसमोर 100 सहज होतात. हा हिशेबही मोठ्या माणसांचा आहे, लहान कानांना याहून जपायला हवं. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, म्हणून दहा मीटरवरून वीस मीटरवर जाणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. कापसाचा बोळा फारसा उपयोगी नाही. लहान मुलांसाठी कानावर पूर्ण बसणारे इअरमफ मिळतात, ते घ्या. आमची मुलगी आधी लावायला तयार नव्हती. साउंडवाल्याने स्वतःचे दाखवल्यावर काढायला तयार होईना.

हरवण्याची भीती सगळ्यांनाच असते. निघताना दारातच मुलाचा फोटो काढा, म्हणजे आज अंगात कुठला शर्ट आहे हे घाबरलेल्या डोक्याला आठवावं लागणार नाही. मनगटाच्या आत पेनाने फोन नंबर लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, घामाने पुसत नाही. हरवलास तर आहेस तिथेच थांब, आणि "आई" म्हणून नको, माझं पूर्ण नाव घेऊन हाक मार, असं शिकवा. गर्दीत "आई" म्हटल्यावर पन्नास बायका वळून बघतात आणि मग पुन्हा आपापल्या कामाला लागतात. मदत मागायचीच तर मुलं बरोबर असलेल्या बाईकडे किंवा टेबलावर बसलेल्या माणसाकडे जायचं. हे सगळं घरात दोनदा खेळ म्हणून करून घ्या.

गर्दीचं एक मात्र गांभीर्याने घ्या. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं झाली की हालचाल अवघड व्हायला लागते, तिथून बाहेर पडायचं ठरवा. जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने गर्दीतल्या दुर्घटनांचा अभ्यास केला होता. चौरस मीटरला सात माणसांच्या आसपास गर्दी पाण्यासारखी वाहायला लागते आणि कुणाच्या मर्जीवर काही राहत नाही, असं त्यांनी मांडलं. अशा वेळी माणसं दगावतात ती बहुतेक तुडवली जाऊन नव्हे, तर छाती दाबली जाऊन गुदमरतात. मोजत बसायची गरज नाही. खांदे दोन्ही बाजूंनी लोकांना टेकायला लागले की मुलांना घेऊन कडेला सरका, मग समोर काहीही चाललेलं असो. अडकलातच तर कोपर वाकवून हात छातीपुढे धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते, आणि रेटा थांबला की दर वेळी थोडं थोडं तिरकं कडेकडे चला. उलट दिशेने ढकलत राहू नका.

फोटोंबद्दल थोडक्यात. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2014 मध्ये संग्रहालयातला एक प्रयोग मांडला. ज्या वस्तूंचे लोकांनी अख्खे फोटो काढले त्या त्यांना कमी आठवल्या. पण एखाद्या बारक्या भागावर झूम करून फोटो काढला तर आठवण टिकून राहिली. मी आता कार्यक्रमाला चार-पाचच फोटो काढते, तेही जवळून. वडिलांचा हात आणि अर्धवट लिहिलेलं प्रमाणपत्र, एवढाच एक फोटो त्या वर्षीचा माझ्याकडे आहे.

आणि भांडणाचं. तुमची भांडणं परत येताना होतात, कारण तुम्ही शेवटपर्यंत थांबता. आम्हीही थांबायचो, आलोच आहोत तर सगळं बघून जाऊ म्हणून. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा प्रयोग आहे. लोकांना 14 अंशांच्या गार पाण्यात एक मिनिट हात बुडवायला सांगितला. दुसऱ्या खेपेला तेच एक मिनिट, आणि वर आणखी अर्धा मिनिट, ज्यात पाण्याचा गारवा हळूहळू किंचित कमी करत ते 15 अंशांपर्यंत आणलं. पुन्हा कुठलं चालेल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबचं निवडलं, कारण त्याचा शेवट बरा झाला होता. लहान मुलांच्या आठवणीही मला अशाच दिसतात. धाकटा खुशीत आहे तोवर निघा. तो म्हणेल "अजून थोडं", तीच निघायची वेळ. एकाला थांबायचं असेल तर थांबू द्या, परत यायची सोय दोन खेपांची करा. सगळ्यांनी एकत्रच यायला हवं हा हट्ट सोडल्यावर आमची निम्मी भांडणं संपली.

मेळ्याला जा, नक्की जा. पण आधी, तयारी सुरू झाली की एखाद्या संध्याकाळी अर्धा तास मैदानावर चक्कर मारून या. कॅमेरा नको. धाकट्याला चालू द्या, तो जिथे थांबेल तिथे थांबा, आणि तिथे काम करणाऱ्या माणसाला विचारा, "दादा, याला काही करायला देता का?"