धावता येत नाही, मग चषक कशात?

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे. धावण्यात, कबड्डीत कायम मागे. थोरलीच्या चषकांनी शोकेस भरलंय आणि हा विचारतो, "माझा कधी?" बुद्धिबळ आवडतं, बडबड्याही आहे. कशात घालावं?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : फी भरली की प्रत्येकाच्या हातात चषक, अशा स्पर्धा आधी बाजूला काढा. पाचवीतल्या मुलाला त्यातली गोम बरोबर कळते.

आवड आहे तर बुद्धिबळच धरा. स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीने होतात, म्हणजे हरलं तरी बाहेर पडावं लागत नाही. सगळ्या फेऱ्या खेळायला मिळतात आणि पुढचा प्रतिस्पर्धी साधारण तेवढ्याच गुणांचा असतो. विदित गुजराथी आपल्या नाशिकचा, २००८ साली १४ वर्षांखालील जगज्जेता. पण त्याच्याशी तुलना घरात नको. तुमची नजर वयोगटाच्या बक्षिसांवर हवी.

पत्रकातली जन्मतारखेची अट नीट वाचा. २०२६ मध्ये ११ वर्षांखालील गट म्हणजे सहसा १ जानेवारी २०१५ किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं. गट ९, ११, १३ असे असतील, तर एका गटात दोन वर्षं मिळतात. पहिलं वर्ष सरावाचं समजा. दुसऱ्या वर्षी तो गटातल्या मोठ्या मुलांत असतो, चषकाची संधी तेव्हा. 'एका खेळाडूला एकच बक्षीस' असा नियम असेल तर उत्तमच. वरची मुलं खुल्या गटाचं बक्षीस घेतात आणि वयोगटाचा चषक खाली सरकतो.

तयारीला तीन महिने, रोज अर्धा तास. पहिल्या पंधरवड्यात फक्त दोन गोष्टी : राजा-वजीर आणि राजा-हत्ती घेऊन एकट्या राजावर मात. हे हसण्यावारी नेऊ नका. या वयाची कितीतरी मुलं वजीर जास्त असताना समोरच्या राजाला चालच शिल्लक ठेवत नाहीत, शहही नसतो, आणि जिंकलेला डाव बरोबरीत जातो. त्यानंतर रोज एक-दोन चालींत मात देण्याची दहा कोडी आणि आठवड्यातून दोन डाव घड्याळ लावून. ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ. हात लावलेलं मोहरंच हलवायचं, हे घरीही पाळा. आईने दिलेली सवलत पंच देत नाहीत.

गुण सारखे होऊनही चषक हुकला की पालक पंचांशी भांडतात. अशा वेळी बऱ्याचदा बुकोल्झ बघतात, म्हणजे तो ज्यांच्याशी खेळला त्यांच्या गुणांची बेरीज. सुरुवातीच्या फेरीत हरलेल्याला पुढे सहसा कमकुवत प्रतिस्पर्धी मिळतात, म्हणून त्याची बेरीज कमी भरते. थोडक्यात, पहिली फेरी झोपेत खेळू देऊ नका. अर्धा तास आधी पोचा, पोटभर नाश्ता, डब्यात शेंगदाण्याचा लाडू.

बडबड्या आहे म्हणता, तर वक्तृत्वही करून बघा, पण भाषण तुम्ही लिहून देऊ नका. मोठ्यांची वाक्यं लहान तोंडी परीक्षकांना लगेच ओळखू येतात, आणि एक शब्द विसरला की पुढचं सगळंच अडतं. चार मिनिटांना साधारण चारशे शब्द पुरतात. पहिली तीन आणि शेवटची दोन वाक्यं पाठ. मधले पाच मुद्दे त्याच्या शब्दांत, हाताच्या पाच बोटांवर बसवलेले. सराव उभ्याने, मोबाइलवर वेळ लावून. साडेतीन मिनिटांत संपलं पाहिजे, कारण स्टेजवर टाळ्या आणि थांबे यांत उरलेला वेळ जातो. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. एखाद्या संध्याकाळी त्याला पुढच्या रांगेत बसवा आणि वक्ता कुठे थांबतो तेवढंच बघायला सांगा.

दोन्ही एकाच महिन्यात मात्र नकोत. शाळेचं स्नेहसंमेलन आणि परीक्षा बघून आधी एकच स्पर्धा ठरवा.