'डिजिटल डिव्हाइड': दरी, तफावत की विभाजन?

पुण्याहून आलेला प्रश्न असा: राष्ट्रीय तंत्रज्ञान धोरणावरच्या पुस्तिकेचं मराठी करताना 'डिजिटल डिव्हाइड'साठी (इंटरनेट-संगणक ज्यांच्या हाताशी आहेत आणि ज्यांच्या नाहीत, त्यांच्यातलं अंतर) 'अंकीय विभाजन' लिहावं की 'डिजिटल दरी'?

'डिजिटल दरी' लिहा. विभाजन कुणीतरी करतं: राज्याचं, जमिनीचं, कामाचं. इथे कुणी बसून वाटणी केलेली नाही. 'अंकीय' वाचलं की आधी परीक्षेचे गुण डोळ्यांसमोर येतात. सरकारी संकेतस्थळावरसुद्धा १५ रुपये भरून मिळतो तो 'डिजिटल स्वाक्षरीत सातबारा'च. अंकीय सातबारा मागायला तलाठ्याकडे कुणी गेलं असेल असं वाटत नाही. लिहिताना 'डि' आणि 'जि' दोन्ही ऱ्हस्व. दीर्घत्वाचा नियम उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षराला लागतो; इथे ते 'ट' आहे, त्यामुळे 'डिजीटल'मधल्या दीर्घ 'जी'ला काही आधार नाही.

दरी रुंदावते, बुजते, सांधता येते. 'भरून काढायची' असते ती तूट. (तहसील कचेरीतल्या दाखल्यांच्या केंद्राला 'सेतू' नाव देणाऱ्याने रूपक नेमकं पकडलं होतं.)

आकडे आले की मात्र 'तफावत'. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८मध्ये इंटरनेटची सोय शहरी भागात ४२ टक्के घरांत होती, ग्रामीण भागात १४.९ टक्के. ही तफावत २७.१ टक्केबिंदूंची. 'शहरात २७ टक्क्यांनी जास्त' लिहिलंत तर चूक, कारण प्रमाण जवळजवळ २.८ पट आहे. आणि 'सोय असणे' म्हणजे 'वापरता येणे' नव्हे. त्याच पाहणीत या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या आहेत.

खरी अडचण पुढे आहे. इंग्रजी मजकुरात 'डिव्हाइड' दहा ठिकाणी येईल. दहाही ठिकाणी 'दरी' ठोकू नका. साधं क्रियापद जास्त सांगतं: नेट पोहोचत नाही, परवडत नाही, वापरता येत नाही. केंद्र सरकारच्या भारतनेट योजनेचं फायबर ग्रामपंचायतीपर्यंत जातं, तेव्हा 'ग्रामपंचायती जोडल्या' एवढंच लिहा, 'घरोघरी इंटरनेट' नको. २०१७च्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचं लक्ष्य ६ कोटी ग्रामीण कुटुंबं होतं, पण प्रशिक्षण कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला, तेही २० तासांचं. तिथे 'सहा कोटी कुटुंबे साक्षर' हे भाषांतर सरळसरळ दिशाभूल करतं.

रेशन दुकानातलं ई-पॉस यंत्र तर 'दरी'त बसतच नाही. रेंज असते, यंत्र चालू असतं, पण कष्टाच्या कामाने बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि अंगठा लागत नाही. याला 'डिजिटल निरक्षरता' म्हटलं की दोष त्या माणसावर जातो. लोक म्हणतात तसं 'अंगठा लागला नाही' लिहा. फारच सरकारी बाज हवा असेल तर 'यंत्राला ओळख पटली नाही'.