सोयाबीन, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइडची गोळी

प्रश्न : यजमानांचे कोलेस्टेरॉल वाढल्यापासून मी घरचे सोयाबीन दळून कणकेत मिसळते आणि आठवड्यातून दोनदा सोयाबीनच्या बड्यांची भाजी करते. मला स्वतःला थायरॉइडची गोळी सुरू आहे. सोयाबीनने थायरॉइड बिघडतो, स्त्रियांना कर्करोगही होतो, असे शेजारणी सांगतात. ते बंद करावे का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : बंद करण्याचे कारण नाही; मात्र यजमानांच्या बाबतीत फार मोठी आशाही धरू नये. रोज २५ ग्रॅम सोया प्रथिने घेतल्यास हृदयविकाराचा धोका घटू शकतो, असे वेष्टनावर छापण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये परवानगी दिली होती. पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे न आल्याने ती मागे घेण्याचा प्रस्ताव त्याच प्रशासनाने २०१७ मध्ये मांडला. एवढ्या प्रथिनांसाठी साधारण ५० ग्रॅम कोरड्या बड्या रोज खाव्या लागतात, आणि तरीही वाईट कोलेस्टेरॉल सरासरी ३ ते ४ टक्केच उतरते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील, तर त्यांची जागा ही भाजी घेऊ शकत नाही. उत्तम प्रथिनांचे स्वस्त कडधान्य म्हणून सोयाबीन जरूर खावे, आणि सोयाबीन पिकवणाऱ्या माळव्यात (इंदूरच्या परिसरात) राहून ते खाऊ नये म्हणजे नवलच!

दळण्यापूर्वी दाणे उकळून वाळवता की नाही, हे आपण लिहिलेले नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात आणि ते पुरेशा उष्णतेने बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात.

कर्करोगाची भीती सोयाबीनमधल्या आयसोफ्लेवोनमुळे निर्माण झाली, कारण त्यांची रचना स्त्री-संप्रेरकाशी मिळतीजुळती असते. आहारातल्या सोयाबीनमुळे स्तनाचा कर्करोग वाढतो, असे माणसांवरील अभ्यासांत आढळलेले नाही. आयसोफ्लेवोनच्या तयार गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांची मात्रा मोठी असते, दीर्घकालीन परिणामांविषयी खात्री कमी आहे, आणि ज्यांना हा आजार होऊन गेला आहे त्यांनी त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

थायरॉइडबाबत शेजारणींचे म्हणणे अगदीच निराधार नाही. आहारात पुरेसे आयोडीन असेल, तर सोयाबीनमुळे निरोगी ग्रंथीचे काम सहसा बिघडत नाही. परंतु थायरॉक्सिनची गोळी आतड्यातून शोषली जाण्यात ते अडथळा आणू शकते. म्हणून गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि सोयाबीनचे पदार्थ, त्यात त्या पोळ्याही आल्या, सुमारे चार तासांनी खावेत. सोयाबीनचे प्रमाण अचानक वाढवले असेल, तर डॉक्टरांना तसे सांगून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ताची तपासणी) तपासून घ्यावे.